महिनाअखेरचे वाचन

(महाराष्ट्रातून आलेले ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक आणि ग्रामपंचायतींचे पदाधिकारी यांच्यापुढे वडोदरा येथे झालेल्या भाषणाचा मजकूर.)



महिना संपला की प्रत्येकाला हिशेबाला बसावे लागते. शिक्षकाला हजेरीपट पुरा करावयाचा असतो, ग्रामसेवकाला जमाखर्च लिहावयाचा असतो, डेअरीला दूध घालणाऱ्याला वहीतील लिटर आणि हाती आलेले पैसे ताडून पाहावयाचे असतात, आणि गृहिणीला वाण्याची उधारी चुकती करावयाची असते. एका गोष्टीचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. सरलेल्या महिन्यात आपण काय वाचले, याचा तो हिशेब होय. कोणी विचारलेच तर एकजण म्हणतो, ‘यंदा वाचायला सवड झाली नाही.’ दुसरा म्हणतो, ‘तीन पुस्तके झाली.’ पहिल्याच्या उत्तरात थोडा संकोच असतो, दुसऱ्याच्या उत्तरात थोडा अभिमान असतो. परंतु वाचनाची खरी हकीगत या दोहोंपैकी एकाही उत्तरात येत नाही. ते पुस्तक त्याच्यापर्यंत आले कोठून, वाचावयास निवांत वेळ कोणती मिळाली, बसावयास जागा आणि जवळ दिवा होता की नाही, आणि वाचून संपल्यावर ते पुढे कोणाच्या हाती गेले, हे विचारल्यावाचून महिन्याच्या वाचनाचा ताळेबंद पुरा होत नाही.

आज आपण ज्या नगरीत जमलो आहोत, ती वडोदरा, म्हणजे मराठी माणसाच्या तोंडचे बडोदे, या विषयाचा विचार करावयास फार योग्य जागा आहे. या शहरात मोठे वाचक होऊन गेले. त्यांतील तिघांच्या वाचनाची हकीगत पुरेशा तपशिलाने आपणांस उपलब्ध आहे. एक येथील राजा होता, दुसरा येथील नोकरदार होता, आणि तिसऱ्याला या शहरात अकरा दिवसांपलीकडे एक खोलीही मिळू शकली नाही.

राजापासून आरंभ करणे ओघानेच येते. सयाजीराव महाराजांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. 1875 च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. या सभेत ज्या शिक्षकांनी पहिलीचे वर्ग घेतले असतील, त्यांना या वाक्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ज्या वयात इतर मुले चार बुके वाचून मोकळी झालेली असतात, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरे गिरवावयास बसला. त्याच वर्षाअखेर एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली आणि मराठी, गुजराती, इंग्रजी असे शिक्षण राजवाड्यातील शाळेत सुरू झाले. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर पाठ दिले. 28 डिसेंबर 1881 रोजी राज्याची पूर्ण सूत्रे हाती आली. म्हणजे अक्षरओळख आणि राज्यकारभार यांच्यामध्ये जेमतेम सहा वर्षे होती.

उशिरा शिकलेल्या माणसास वाचनाची जी ओढ लागते, ती महाराजांस आयुष्यभर पुरली. गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा अनेक खंडांचा इतिहास त्यांनी वाचला आणि वाचून स्वस्थ बसले नाहीत. त्यावरील आपली टिपणे ‘फ्रॉम सीझर टू सुलतान’ या नावाने 1896 मध्ये छापली. रोमचा इतिहास शिकण्यासाठी आज कोणी ते पुस्तक उघडील असे नाही. परंतु सहा वर्षांच्या शिक्षणावर गादीवर बसलेला एक तरुण राजा एका बुडालेल्या साम्राज्याचा इतिहास हाती पेन्सिल घेऊन वाचतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे त्यांनी ग्रंथवाचनासाठी दरबारी एक स्वतंत्र वाचक नेमला. न्यूटन मोहन दत्त हे ते गृहस्थ. महाराजांना पुस्तके वाचून दाखविणे हे त्यांचे काम होते. पुढे तेच राज्याच्या ग्रंथालयांचे प्रमुख झाले आणि बडोद्याच्या ग्रंथालयांवर 1928 मध्ये त्यांनी एक ग्रंथही लिहिला. डोळ्यांनी वाचणे हेच काय ते वाचन, असे समजणाऱ्यांनी या नेमणुकीकडे जरा पाहावे. खेड्यातील पारावर एकजण वर्तमानपत्र वाचतो आणि दहाजण ऐकतात, तेव्हा त्या दहाजणांचेही ते वाचनच असते. महाराजांना जे पगारी माणूस ठेवून मिळाले, ते पारावर फुकट मिळते, इतकाच भेद.

दुसरे वाचक अरविंद घोष. इंग्लंडमधील शिक्षण संपवून 1893 च्या फेब्रुवारीत ते बडोदे सरकारच्या नोकरीत आले. वय वीस. आधी जमीन मोजणी व महसूल या खात्यांत, मग सचिवालयात, आणि पुढे बडोदे कॉलेजात फ्रेंच व इंग्रजीचे अध्यापक, अशी तेरा वर्षे त्यांनी येथे काढली. 1906 मध्ये ते बंगालला गेले आणि त्यापुढील इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बडोद्यातील वर्षांचा विचार त्या मानाने कमी होतो. परंतु ज्याला आपण अभ्यास म्हणतो, तो बहुतांशी याच शहरात झाला. मराठी आणि गुजराती ते येथे शिकले. मातृभाषा बंगाली असूनही ती लहानपणी मिळाली नव्हती. ती शिकविण्यासाठी 1898 मध्ये दिनेंद्रकुमार राय नावाचे बंगाली लेखक येऊन त्यांच्या घरी राहिले.

या दिनेंद्रकुमारांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यांत अरविंदबाबूंच्या वाचनाचे वर्णन केले. महिन्याच्या वाचनाचा हिशेब म्हणावा असे त्याहून नेमके चित्र शोधून सापडणे कठीण. पुस्तके मुंबईहून येत. मुंबईच्या ज्या विक्रेत्यांकडे त्यांचे खाते होते, त्यांत राधाबाई आत्माराम सगुण ही मराठी पेढीही होती. विक्रेत्यांच्या याद्या येत, त्यांतून निवड होई, मागणी जाई, आणि पुस्तके टपालाने क्वचितच, बहुधा लाकडी पेटाऱ्यात भरून रेल्वेने येत. आलेला पेटारा आठ-दहा दिवसांत वाचून संपे आणि नवी मागणी रवाना होई. पगार हाती पडला की त्यातील एक वाटा पुस्तकांच्या बिलापोटी मुंबईस जाई. रात्री मेजावर दिवा लावून ते एकच्या सुमारापर्यंत वाचीत बसत. डास चावत, पण त्यांचे तिकडे ध्यान नसे. जेवण तयार असल्याची वर्दी आली तरी पुस्तकावरून नजर हलत नसे.

हे वर्णन वाचून कोणासही भक्तिभाव वाटेल. परंतु जरा हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर त्यात आणखीही काही दिसते. मुंबईस मोठी ग्रंथपेढी होती, बडोद्यापर्यंत रेल्वे होती, दरमहा ठरलेला पगार होता, उधारीवर पुस्तके देणारा विश्वासू विक्रेता होता, आणि रात्री एकपर्यंत कोणी उठवू नये अशी स्वतःची खोली होती. एवढे जुळले तेव्हा त्या बुद्धीला तिचे खाद्य मिळाले. बुद्धी कितीही तीव्र असली तरी पेटारा स्टेशनावरून घरी कोणीतरी वाहून आणावाच लागतो. आता प्रश्न असा की, ज्याला पगार नाही, ज्याच्या गावाला रेल्वे नाही आणि ज्याला मुंबईच्या विक्रेत्याचे नावही ठाऊक नाही, त्याने काय वाचावे?

हा प्रश्न बडोद्यात नुसता बोलण्यापुरता राहिला नाही, ही या संस्थानची खरी कामगिरी आहे. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरू झाले आणि 1906 मध्ये साऱ्या राज्यास लागू झाले. परंतु शाळा सोडल्यावर दोन-चार वर्षांत शिकलेले मूल अक्षर विसरून जाते, हा अनुभव तेव्हाही होता आणि आजही आहे. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, तर अक्षर टिकावे कशावर? महाराजांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि 1910 मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. राजवाड्यातील आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे 20,000 पुस्तके त्यांनी नव्या मध्यवर्ती ग्रंथालयास दिली. राजाच्या महिन्याच्या वाचनाचे अशा रीतीने प्रजेच्या वाचनात रूपांतर झाले. बॉर्डन 1913 पर्यंत येथे होते. त्यांनी 1911 मध्ये ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग काढला. भारतात असा वर्ग त्यापूर्वी झालेला नव्हता. 1912 मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे त्रैमासिक निघाले. त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. वाचकाने स्वतः कपाटापर्यंत जावे आणि पुस्तक हाताळून निवडावे, ही मुभा येथे देण्यात आली. त्या काळी पुष्कळ ठिकाणी पुस्तके कुलपात आणि यादी भिंतीवर, असा प्रकार होता. आजही काही ठिकाणी तो आढळतो. पण आज त्याची चर्चा नको.

खेड्यांसाठी दोन योजना झाल्या. पहिली योजना अनुदानाची. गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवावयाचा, तितकाच प्रांत पंचायतीने द्यावयाचा आणि तितकाच सरकारने, अशी तिची विभागणी होती. गावाने पदरचा पैसा घातल्याखेरीज सरकारी पैसा मिळावयाचा नाही, ही अट कोणास कठोर वाटेल, परंतु त्यामुळे ग्रंथालय ‘सरकारचे’ न राहता ‘आपले’ होते, असा हेतू त्यामागे होता. खेडोपाडी याची भूमी आधीच एका शिक्षकाने तयार केली होती. वसो गावचे मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळे स्थापून वाचनालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला होता; सरकारी योजना त्या जाळ्यावर उभी राहिली. गुजरातेत मोतीभाईंना ग्रंथालय चळवळीचे जनक मानतात. महाराज 6 फेब्रुवारी 1939 रोजी निवर्तले, आणि त्याच साली मोतीभाईही गेले. गावोगावच्या वाचनालयाचे काम बहुधा शाळेतील शिक्षकच पाहात असत. त्यांना त्या कामाचे फारसे काही मिळत नसे.

दुसरी योजना फिरत्या पेट्यांची. ज्या गावी ग्रंथालय नाही, तेथे पंधरा ते तीस पुस्तके भरलेली एक मजबूत लाकडी पेटी पाठवावयाची. वाचून झाली की ती परत यावयाची आणि दुसरी जावयाची. वाचकाकडून यासाठी काही घेतले जात नसे. अरविंदबाबूंचा पेटारा आणि ही पेटी यांत फारसा फरक नाही. त्या पेटाऱ्याचे बिल एका माणसाच्या पगारातून जाई. या पेटीचे बिल राज्य भरी. तीस पुस्तकांची पेटी ज्या गावात उतरे, त्या गावातील एखाद्या मुलाने महिनाभरात त्यांतील चार वाचली तरी त्याचा हिशेब मांडण्यासारखा झाला. आणि ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी चित्रे व चलच्चित्रे दाखविणारी एक स्वतंत्र शाखा होती. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीही मध्यवर्ती ग्रंथालयात वेगळी सोय झाली.

महाराष्ट्रात 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यान्वये मान्यता मिळालेल्या, अ, ब, क, ड अशा वर्गांतील ग्रंथालयांचे कार्यकर्ते येथे बसलेले आहेत. अनुदान, वर्गवारी आणि तपासणी यांविषयीच्या अडचणी ते स्वतःच अधिक चांगल्या सांगतील. 2015 पासून 15 ऑक्टोबर हा दिवस आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. 2017 मध्ये सातारा जिल्ह्यातील भिलार या स्ट्रॉबेरीच्या गावी काही कुटुंबांनी आपल्या राहत्या घरांतील खोल्या पुस्तकांना व वाचकांना मोकळ्या करून दिल्या. कोणीही परका माणूस त्या घरात शिरावा, खुर्ची ओढून बसावे आणि वाचावे. पुस्तकांच्या संख्येपेक्षा ही खुर्ची महत्त्वाची आहे. ती का महत्त्वाची, हे तिसऱ्या वाचकाच्या हकीगतीवरून ध्यानी येईल.

भीमराव आंबेडकर यांना मुंबईत कॉलेजचे शिक्षण घेताना बडोदे सरकारने दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि 1913 मध्ये उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. 1917 च्या उन्हाळ्यात ते लंडनहून परत निघाले. परदेशात पै-पैसा वाचवून जमविलेली पुस्तके त्यांनी वेगळ्या मालवाहू जहाजाने पाठविली होती. महायुद्ध चालू होते. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. अशा रीतीने चार वर्षांचे वाचन समुद्राच्या तळाशी ठेवून हा वाचक त्या वर्षीच्या सप्टेंबरात बडोद्यास उतरला.

महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून काम मिळाले. राहावयास जागा मिळाली नाही. अस्पृश्य मानलेल्या जातीच्या माणसाला हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव नोंदवून, दररोज दीड रुपया भाड्याने त्यांनी वरच्या मजल्यावर खोली घेतली. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच या दिवसांची आठवण लिहून ठेवली आहे. वरच्या मजल्यावर एक मोठे दालन होते आणि ते मोडक्या सामानाने भरलेले होते. तेथे विजेचा दिवा नव्हता. रात्री विश्रामगृहाचा रखवालदार एक लहान कंदील वर आणून देई. त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नसे. दालनात वटवाघळे फडफडत. दुसरे माणूस नाही, बोलावयास कोणी नाही. कचेरीतून सुटल्यावर जितका वेळ बाहेर काढता येईल तितका काढून ते रात्री आठच्या सुमारास खोलीवर परतत आणि माणसांच्या सोबतीऐवजी पुस्तकांची सोबत धरीत. वाचता वाचता एकटेपणाचा विसर पडे. वटवाघळांच्या आवाजाने पुन्हा आठवण होई.

वीस वर्षे मागे याच शहरात अरविंदबाबू डासांची पर्वा न करता दिव्याशी वाचीत बसत. आंबेडकरांचा कंदील त्याच दिव्याजवळ ठेवून पाहावा. दोघेही परदेशी शिकून आलेले, दोघेही बडोदे सरकारचे नोकर, दोघेही रात्री पुस्तकात बुडालेले. एकाला डास चावत होते, दुसऱ्याला आपले खरे नाव कळेल ही धास्ती होती.

सरकारी बंगला मिळावा म्हणून आंबेडकरांनी दिवाणांकडे विनंती केली होती. त्या अर्जाचे काय झाले? तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जात राहिला आणि त्याचा निकाल लागण्यापूर्वीच तो दिवस उजाडला. सभेत अधिकारी मंडळी आहेत, म्हणून या अर्जाचा मुद्दाम उल्लेख केला. अर्ज कोणी फेटाळला नाही, कोणी अपमानही केला नाही. कागद फक्त टेबलावरून टेबलावर गेला.

अकराव्या दिवशी सकाळी जेवण आटोपून, कपडे करून ते कचेरीस निघत होते. आदल्या रात्री वाचावयास आणलेली ग्रंथालयाची पुस्तके परत करण्यासाठी त्यांनी उचलली, तोच जिन्यावर पुष्कळ पावलांचा आवाज आला. हाती काठ्या घेतलेले दहा-बारा लोक वर आले. तू कोण, असे विचारून त्यांनी खोली सोडण्याचे फर्मान दिले; संध्याकाळपर्यंत मुदत दिली. दुपारी आंबेडकर दोन परिचितांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले. मग सामान आणावयास विश्रामगृहावर गेले. रखवालदार बाहेर आला. दोघांनाही एकमेकांशी एक शब्द बोलवला नाही. भाडे चुकते करून ते स्टेशनावर गेले.

या हकीगतीत एक बारीक गोष्ट आहे. ज्या शहरात या माणसाला खाणावळ मिळाली नाही, बंगला मिळाला नाही, मित्राच्या घरचा ओटा मिळाला नाही, त्या शहरात त्याला ग्रंथालयातून पुस्तके मात्र घरी नेता आली. महाराजांनी उघडलेले एक दार खरोखरच उघडे होते. परंतु पुस्तक घरी नेण्यासाठी घर असावे लागते, आणि ते देणे ग्रंथपालाच्या हाती नव्हते. ग्रंथालयाने आपले काम केले. गावाने केले नाही. आंबेडकरांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून, हे येथे आठवल्याशिवाय राहात नाही.

म्हणून महिनाअखेरच्या वाचनाचा हिशेब ग्रंथालयात मांडताना देवघेवीच्या नोंदवहीतील आकड्यांच्या शेजारी दुसरीही एक नोंद असावी. या महिन्यात दाराशी येऊन कोण परत गेला? कोणत्या वस्तीतून एकही सभासद नाही? कोणती मुलगी पुस्तक घरी नेते पण घरी तिला वाचू देत नाहीत, आणि तिच्यासाठी ग्रंथालयात तासभर बसावयास जागा आहे की नाही? या नोंदींसाठी छापील नमुना नाही. शाळेच्या एखाद्या जुन्या वहीतही त्या करता येतील. अनुदानाच्या तपासणीत त्या कोणी मागणार नाही, हेही खरे. पण गावच्या शिक्षकाला त्या वहीतील प्रत्येक नाव तोंडपाठ असेल.

आता दुपारच्या कार्यक्रमासंबंधी. जेवणानंतर मंडळी मांडवीजवळील मध्यवर्ती ग्रंथालयात जातील. सध्याची इमारत 1931 ची आहे; तेथील पोलादी कपाटांचे मजले आणि उजेड खाली उतरावा म्हणून घातलेली काचेची जमीन अवश्य पाहावी. त्यानंतर सयाजीबाग. ज्या ठिकाणी आंबेडकरांनी ते पाच तास काढले, ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते. दोन्ही स्थळे एकमेकांपासून फार दूर नाहीत. ऊन उतरले असेल तर पायीही जाता येईल.